एकदा येऊन जावे

आमच्या गल्लीसारखी माणुसकी साऱ्या मंगळवार पेठेत नाही, असं आमची गल्ली स्वतःच सांगत असते. दुसऱ्या कुणी तसं म्हटल्याचं माझ्या कानावर नाही, आणि माझे कान बऱ्याच ठिकाणी फिरतात, कारण मी पोस्टमन आहे. ही गोष्ट घडली तेव्हा चौदा वर्षं झाली होती, सकाळी खाकी चढवायची, झोळी खांद्याला मारायची आणि राजारामपुरीत दारोदार हिंडायचं. ज्याला वाचता येत नाही तो माझ्याकडून कार्ड वाचून घेतो, ज्याला लिहिता येत नाही तो लिहून घेतो, आणि दोघंही वर म्हणतात, ज्ञानूतात्या, तुम्हाला काय, तुम्ही चालतच असता की. त्यामुळे माणुसकी या शब्दाबद्दल माझं मत फारसं बरं नाही.

रविवारी मात्र मी पोस्टमन नसतो. रविवारी मी कुणाचं कार्ड वाचत नाही, कुणाला पत्ता सांगत नाही. तालमीच्या कट्ट्यावर पेपर घेऊन बसतो आणि पायांना ऊन दाखवतो. गल्लीला हे माहीत आहे आणि गल्लीला याचा राग आहे. असू दे.

गल्लीच्या माणुसकीचा ठेका सयाजीकडे आहे. तरुणपणी त्यानं तीन कुस्त्या मारल्या, त्यातल्या दोन समोरच्याचा पाय मुरगळल्यामुळे. तेव्हापासून पंचवीस वर्षं तो तालमीच्या कट्ट्यावर बसून पाहुणे धरतो. पाहुणे धरतो हाच शब्द बरोबर आहे. रस्त्यानं कोण अनोळखी दिसला की याचा हात वर झालाच. एकदा विजेचं मीटर वाचणारा माणूस आला, त्याला यानं जेवायला बसवला. तो बिचारा संध्याकाळपर्यंत तालमीत घोरत पडला आणि मीटर तसेच राहिले. वरून त्या माणसाला साहेबाच्या शिव्या बसल्या त्या वेगळ्याच. सयाजी ही गोष्ट अजून मांडीवर थाप मारून सांगतो. त्या माणसाला भूक होती का, हे त्यानं विचारलं नव्हतं. सयाजी कुणालाच काही विचारत नाही, तो फक्त वाढतो.

चौऱ्याहत्तर सालातली गोष्ट. उन्हाळा सुरू व्हायचा होता. रविवारी अकराच्या सुमाराला एक माणूस गल्लीच्या तोंडाला येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, अंगात धुतलेला पण बिनइस्त्रीचा सदरा, डोक्याला पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी. दुसऱ्या हातात त्यानं एक पोस्टकार्ड धरलं होतं, दोन बोटांत, मळू नये म्हणून. चौदा वर्षांच्या सवयीनं माझी नजर आधी कार्डावर गेली, आणि मी ती मुद्दाम पेपरात घातली.

सयाजीनं हात वर केला. पाहुणा कुठला, काय, हे सगळं रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात झालं. नाव गैबी. कागलच्या पलीकडचं गाव. मंगळवार पेठेत थोरला भाऊ राहतो, बादशहा, बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. त्याची तब्येत बरी नाही असं भावजयीनं कार्ड घातलंय. गल्लीचं नाव कार्डात आहे, पण गैबीला वाचता येत नाही. गावातल्या मास्तरांनी वाचून दाखवलं होतं, ते नाव एसटीत येता येता विसरलं. तर एवढं वाचून कुणी वाट दाखवली तर बरं होईल.

मागणी एवढीच होती. एका माणसानं कार्ड वाचायचं आणि दहा मिनिटं चालायचं.

सयाजीनं कार्ड हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. त्याला चष्मा लागतो आणि तो चष्मा लावत नाही, कारण पैलवानाला चष्मा शोभत नाही. मग त्यानं ते माझ्यापुढे केलं आणि साऱ्या कट्ट्यासमोर म्हणाला, बघ रं ज्ञानू, तुझंच काम हाय.

‘तुझंच काम’ हे मला झोंबलं. मी पेपर खाली न घेता म्हणालो, “आज ऐतवार हाय. उद्या बघतो.”

कट्टा हसला. सयाजीचा चेहरा पडला आणि मला बरं वाटलं. टोमणा मी सयाजीला मारला होता, पण तो बसला भलत्यालाच. गैबीनं माझ्याकडे बघितलं, म्हणजे माझ्या पेपराकडे. सयाजीनं कार्ड स्वतःच्या खिशात घातलं आणि जाहीर केलं की सगळे बँडवाले आपल्या ओळखीचे आहेत, जेवण झालं की आपण स्वतः पाहुण्यांना भावाच्या दारात नेऊन उभं करू.

गैबी म्हणाला, आधी गाठ घेऊन येतो, मग निवांत बसतो. दोनदा म्हणाला. दुसऱ्यांदा त्यानं कार्डासाठी हातही पुढे केला. तेव्हा सयाजीनं त्याला जे सांगितलं, ते मी अजून विसरलेलो नाही, कारण सयाजीच्या तोंडून एवढं शहाणपणाचं वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

“पावणं, आजाऱ्याच्या घरात उपाशी पोटानं जाऊ नये. ती माऊली नवऱ्याचं करंल का तुमच्यासाठी चूल पेटवंल?”

 गैबीनं हात मागे घेतला आणि कट्ट्याच्या कडेला टेकला. दुसऱ्याच्या घरावर भार होऊ नये, हे त्याला लगेच पटलं. असल्या माणसाला अडवून ठेवायला फार अक्कल लागत नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर बारा वाजता भाकरी खाऊन तो मोकळा झाला असता. पण सयाजीच्या लक्षात आलं की पाहुणा मुसलमान आहे. आमच्या कोपऱ्यावर खाटकाचं दुकान आहे, रविवारचं मटण सगळी गल्ली तिथूनच आणते. सयाजी म्हणाला, छे, पाहुण्यांच्या मनात किंतू राहायला नको, पलीकडे मुलाण्याचं हलालीचं दुकान आहे, तिथूनच आणायचं. गैबीनं हात जोडले. मला काही पण चालतंय, म्हणाला, आमटी-भाकरी असली तरी लई झालं. पण सयाजीला आमटी चालत नव्हती. पाहुण्याला आमटीवर घालवला असं कोण म्हणालं असतं तर याला पेठेत तोंड दाखवायला जागा उरली नसती. तो आत ओरडून बायकोला, तानाबाईला, मसाला वाटायला सांगून पिशवी घेऊन निघाला. खिशातल्या कार्डासकट.

मी सांगतोय ते नीट लक्षात घ्या. त्या माणसाला भावाच्या घरी पोचवायचं सोडून त्याच्या धर्माची काळजी घ्यायला सयाजी पेठेच्या पार दुसऱ्या टोकाला गेला. वाईट हेतूनं नव्हे. वाईट हेतू असता तर मला त्याचा इतका राग आला नसता.

रविवारी मटणाच्या दुकानाला रांग असते. साडेअकरा झाले, बारा झाले. सयाजीच्या घरातून पाट्यावर मसाला वाटल्याचा आवाज येत होता. कट्ट्यावरचे बाकीचे आपापल्या मटणाच्या वासानं घरी गेले. मी आणि गैबी राहिलो. मी पेपर तिसऱ्यांदा वाचत होतो, म्हणजे वाचत नव्हतो.

तो आपणहून बोलायला लागला. नऊ वर्षांपूर्वी त्यांची आई गेली. निरोप धाडला, पण बादशहा आला नाही. त्या दिवशी तो इचलकरंजीला कुणाच्या तरी वरातीत क्लॅरिनेट वाजवत होता. बँडमालकानं निरोप त्याला वरात संपल्यावर सांगितला. तो रात्री पळत आला तेव्हा माती होऊन गेली होती. गैबीनं त्याला दारातून आत घेतलं नाही. आई वाट बघत गेली आणि तू लोकांना नाचवत होतास, असं चार माणसांत म्हणाला. तेव्हापासून येणंजाणं बंद. आता कार्ड आलं. कार्ड आल्यावरही तो दोन दिवस घरात बसून राहिला, कारण भावासमोर उभं राहून काय बोलायचं हे ठरत नव्हतं.

“माझं चुकलं, एवढंच म्हननार हाय,” तो म्हणाला. “त्येला कुटं ठावं हुतं आई गेली म्हनून. मला कळत हुतं ते. पर रागानं बोलू दिलं न्हाय.”

हे मी ऐकलं. पेपरामागून ऐकलं, पण ऐकलं. मला तेव्हा काय वाटलं ते खरं सांगतो. वाटलं, आलाच आहे तर आता सांगेल. नऊ वर्षं थांबला, आणखी दोन तास थांबला म्हणून काय बिघडतं. मुलाण्याचं दुकान मुल्ला गल्लीत, तिथपर्यंत जाऊन सयाजीकडून कार्ड मागून आणायला मला वीस मिनिटं लागली असती. पण मग सयाजीला वाटलं असतं की ज्ञानूनं मान खाली घातली. म्हणून मी बसून राहिलो. सयाजी मूर्ख होता. मी मूर्ख नव्हतो, तेव्हा माझ्याबाबतीत ती सबब चालणार नाही.

एक वाजायला दहा कमी असताना सयाजी घामाघूम होऊन आला. रांग किती होती, मुलाण्याला कसं सांगितलं की आमच्याकडे पाहुणा आलाय, मांडीचं काढ, हाडं घालू नको, हे त्यानं अख्ख्या गल्लीला ऐकवलं. मग मटण शिजायला तास गेला. दोनच्या सुमाराला पाट मांडले, पानं वाढली. सयाजीनं मलाही हाताला धरून आत नेलं. पाहुण्यासमोर भांडण नको, एवढं त्याला कळत होतं, आणि मटण होतं म्हणून मी गेलो.

तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं, भाकऱ्या. गैबी खाली मान घालून भराभर खात होता, ताट संपवल्याशिवाय सुटका नाही हे कळलेल्या माणसासारखा. ताट रिकामं झालं की सयाजी पुन्हा भरत होता. गैबीनं पानावर हात आडवा धरला तर सयाजीनं त्याच्या बोटांवरून रस्सा ओतला आणि हसला. गैबीही हसला. चांगलं झालंय, असं तानाबाईकडे बघून म्हणाला.

त्या घरात एकच माणूस धड होतं, ते म्हणजे तानाबाई. ती चुलीपुढून उठून आली आणि तिनं गैबीला विचारलं, भावाला काय होतंय? सकाळपासून हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. गैबी म्हणाला, दम आहे, छातीचं आहे, कार्डात काय ते लिहिलंय. तानाबाईनं नवऱ्यापुढे हात केला, कार्ड घेतलं आणि माझ्या ताटाशेजारी ठेवलं.

“तात्या, वाचा की. तुमचा ऐतवार काय पळून चालला न्हाय.”

मी डाव्या हातानं कार्ड उचललं. वर पत्ता होता, मुल्ला गल्ली, पाण्याच्या टाकीजवळ. खाली कुणा शाळकरी मुलीच्या अक्षरात चार ओळी. सर्व खुशाल आहेत. ह्यांची तब्येत बरी नसते. तुमची आठवण काढतात. एकदा येऊन जावे.

गावच्या मास्तरांनी हे वाचलं असेल आणि त्यांना यात काही वाटलं नसेल. गैबीला वाटलं नाही, सयाजीला वाटायचा प्रश्नच नाही. पण चौदा वर्षं मी लोकांची कार्डं वाचत आणि लिहीत आलो होतो. बायका माझ्यासमोर बसून सांगतात, तात्या, ती घाबरतील असं लिहू नका, नुसतं एकदा येऊन जावा म्हणा. आजारी माणूस बरा होणार असेल तर लिहितात, काळजी करू नये. पैसे हवे असतील तर लिहितात, लवकर यावे. ‘एकदा येऊन जावे’ हे फक्त तेव्हा लिहितात जेव्हा डॉक्टरांनी हात टेकलेले असतात. साऱ्या पेठेत हे ओळखू शकणारा मी एकटा होतो, आणि अकरा वाजता कार्ड माझ्या नाकापुढे धरलं होतं.

शिक्क्यावर तारीख बघितली. टाकल्याला पाच दिवस झाले होते.

मी ताटावरून उठलो. हात धुतला न धुतला आणि गैबीला म्हणालो, चला. सयाजी म्हणाला, अरे भात राहिलाय. मी त्याला जे बोललो ते तानाबाईसमोर बोलायला नको होतं. तरी निघता निघता त्यानं एक डबा माझ्या हातात कोंबला. पांढरा रस्सा होता, आजाऱ्याला चांगला म्हणून. मी तो फेकून द्यायला हवा होता. पण घाईत तो हातातच राहिला.

दहा मिनिटांची वाट आम्ही सहा मिनिटांत चाललो. गैबी माझ्या बरोबरीनं पाय उचलत होता. माझ्या चालण्यावरून त्याला कळलं असावं. मुल्ला गल्लीत वळलो तर मुलाण्याचं दुकान बंद करत होते. टाकीकडे जाताना त्या दुकानापासून मी दारं मोजली. चौथ्या दारापुढे बाकडं टाकलं होतं, पुरुष उभे होते, चुलाणावर पाणी तापत होतं.

गैबी दारातच थांबला. मग आत गेला. मी उंबऱ्याबाहेर डबा हातात घेऊन उभा राहिलो. डबा गरम होता आणि त्याचा वास सुटला होता. मी तो पाठीमागे धरला.

खैरुनबी, बादशहाची बायको, भिंतीला टेकून बसली होती. तिचं रडून झालं होतं. दिराला बघून तिनं नुसतं सांगायला सुरुवात केली, जसं कुणी घरात नसताना काय काय झालं ते सांगतात. तीन दिवस झाले, दार वाजलं की विचारायचे, गैबी आला का. आज सकाळपासून शुद्ध चांगली होती. एक वाजता गेले.

“साडेबाराला त्या मटनाच्या दुकानापशी कोन तर मोठ्यांदा बोलत हुतं, आमच्याकडं पावणा आलाय म्हनून. ह्येंनी ऐकलं. म्हनले, बघ, गैबीच आला असंल, दारात जा. मी गेले तर कोन तर एक जाडा मानूस मटन घेत हुता. आत येऊन सांगितलं, न्हाय वो, दुसरंच कोन तर हाय. मग डोळं मिटलं ते मिटलंच.”

मी गैबीकडे बघितलं. त्याला कळलं होतं. मुलाण्याकडे कोण गेलं होतं, कुणासाठी गेलं होतं, ते बादशहाच्या घरापासून चार दारांवर किती वेळ उभं होतं, सगळं त्याला कळलं होतं. त्याच्या बोटांना अजून मसाल्याचा रंग होता. त्यानं हात सदऱ्याखाली घेतला.

खैरुनबीनं विचारलं, इतका उशीर कसा झाला? पहिल्या गाडीनं निघाला नव्हता का?

मी वाट बघत होतो. त्यानं आमची नावं घ्यायला हवी होती. नऊ वर्षांपूर्वी याच माणसानं याच गोष्टीसाठी भावाला चार माणसांत बोलून दारातून हाकललं होतं, आणि मी तर परका होतो.

“गाडी बिघडली,” गैबी म्हणाला. “वाटंतच दोन तास गेलं.”

मग तो माझ्याकडे वळला आणि सगळ्यांना म्हणाला, “हे पोस्टातलं भाऊ. सुट्टी असून माझ्यासंगं आलं, घर दावाया. ह्येंचं उपकार हायत, न्हायतर अजून हुडकत बसलो असतो.”

उभ्या असलेल्या पुरुषांनी मला वाट करून दिली. कुणी बाकड्यावर जागा केली. खैरुनबीनं पदर सावरून माझ्याकडे बघितलं आणि अल्ला तुमचं भलं करो म्हणाली. मी मान हलवली. तोंड उघडायला मला तेव्हा पुरेसा वेळ होता. मी मान हलवली आणि मागच्या मागे निघालो.

बादशहा गेल्याचं सयाजीला कळलं तेव्हा तो तालमीच्या कट्ट्यावर बसून मोठ्यानं रडला. महिन्याभरात मात्र त्यानं त्याचीही गोष्ट केली. म्हणतो, मयताच्या घरात तीन दिवस चूल पेटत नाही, बरं झालं पाहुणा आपल्याकडे पोटभर जेवून गेला. लोक माना डोलावतात. मी तिथून उठून जातो. त्याला खरं सांगावं तर मला माझंही सांगावं लागेल.

दोन वर्षांनी साहेबांनी बीट बदललं आणि मुल्ला गल्ली माझ्याकडे आली. गैबीचं महिन्याला एक कार्ड येतं, गावच्या मास्तरांच्या अक्षरात. खैरुनबी मला बसायला पाट देते, चहा करते. शेजारणींना सांगते की ह्याच माणसानं रविवार असून माझ्या दिराला घरी आणलं होतं, आजकाल परक्यासाठी कोण एवढा वेळ काढतं. मग मी कार्ड वाचतो. पेरणी, पाऊस, पोरांच्या शाळा. प्रत्येक कार्डाच्या शेवटी एकच ओळ असते, पोस्टमन भाऊंना सलाम सांगावा. यात टोमणा आहे का, हे मी बरेच महिने शोधलं. नाही. पहिल्यांदा मी ती ओळ गाळली होती. पण आता खैरुनबीला माहीत झालंय की शेवटी ती ओळ असते, आणि मी ती मोठ्यानं वाचेपर्यंत ती कपबशी धरून समोर उभी राहते.